हिवाळी टायर

हिवाळी टायर : हिम व बर्फ यांनी आच्छादिलेल्या, तसेच कोरड्या पण अतिशय थंड रस्त्यांवर मोटारगाडीची पकड टिकून राहावी म्हणून वापरण्यात येणारा खास प्रकारचा हवा भरलेला टायर. कमी तापमानातही मऊ राहणारे रबराचे मिश्रण, रुंद व खोल खाचा आणि रबराच्या ठोकळ्यांवर पाडलेल्या असंख्य बारीक चिरा ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. काही प्रकारांत यांच्या जोडीला कठीण धातूचे खिळेही बसविलेले असतात. उत्तर यूरोप, रशिया, कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग आणि उत्तर जपान येथे वर्षातून दोनदा, म्हणजे शरद ऋतूच्या अखेरीस व वसंत ऋतूत, गाडीचे टायर बदलणे हा सर्वसामान्य माणसाच्या घरव्यवहाराचाच एक भाग झाला आहे.

व्यवहारातील मराठीत आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि पाणी गोठून तयार होणारे काचेसारखे घट्ट बर्फ या दोहोंनाही ‘बर्फ’ हा एकच शब्द लावतात. ज्या प्रदेशाचा या दोन्हींशी क्वचितच संबंध येतो, तेथे त्याने काही बिघडत नाही. टायरच्या निवडीत मात्र हा भेद मूलभूत आहे. हिमावर पकड घेण्याची रीत व बर्फावर पकड घेण्याची रीत या वेगळ्या असून एकावर उत्तम ठरलेला टायर दुसऱ्यावर निकृष्ट ठरू शकतो. प्रस्तुत नोंदीत हे दोन शब्द त्यांच्या काटेकोर अर्थाने वापरले आहेत.

पकड व थांबण्याचे अंतर : गाडीला वेग देणे, वळविणे व थांबविणे ही तिन्ही कामे अखेर चार टायरांच्या, प्रत्येकी तळहातापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या, रस्त्याला टेकणाऱ्या भागांवरच अवलंबून असतात. तेथे मिळणारे घर्षण कमी झाले की एंजिनाची शक्ती व ब्रेकांचा जोर यांचा काही उपयोग उरत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक सु. ०.८ असतो, दाबल्या गेलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. या आकड्यांचा अर्थ थांबण्याच्या अंतरावरून स्पष्ट होतो. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सु. १२ मी. अंतरात थांबते. घर्षणांक ०.२ असल्यास तिला सु. ४९ मी., तर ०.१ असल्यास सु. ९८ मी. लागतात. चालकाला धोका जाणवून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणपणे एक सेकंद जातो व तेवढ्यात गाडी आणखी १४ मी. पुढे गेलेली असते. वेग ताशी ३० किमी. इतका उतरविला, तर बर्फावरील हे ९८ मीटरांचे अंतर सु. ३५ मीटरांवर येते. म्हणजे वेग कमी करण्याने जे साधते ते कोणत्याही टायराने साधत नाही. तरीही घर्षणांकात टायरामुळे पडणारा ०.०५ चा फरकही बर्फावर कित्येक मीटरांचा असतो आणि पादचारी वाचणे वा न वाचणे त्यावर ठरू शकते.

उतारावर परिस्थिती याहून कठीण होते. दहा मीटरांमागे एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर घर्षणांक ०.१ असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा उताराच्या दिशेतील घटक व घर्षण हे समसमान होतात. अशा ठिकाणी ब्रेक पूर्ण दाबूनही गाडीचा वेग कमी होत नाही. ती आहे त्याच वेगाने घसरत राहते. घाटातील तीव्र वळणांवर असे उतार आढळतात. म्हणून डोंगराळ प्रदेशात चढण चढून जाणारी गाडी ती उतरूही शकेल, असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

बर्फ निसरडे का असते : दाबाखाली बर्फाचा वितळबिंदू उतरतो, हे जेम्स टॉमसन यांनी १८४९ मध्ये दाखवून दिले. त्यावरून घसरणाऱ्या वस्तूच्या भाराने बर्फ वितळते व त्या पाण्यामुळे ती घसरते, हे स्पष्टीकरण पुढे दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत दिले जात असे. ते टायराला लागू पडत नाही. दाब एका वातावरणाने वाढला, तर वितळबिंदू एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उतरतो आणि मोटारीच्या टायराचा रस्त्यावरील दाब अवघा दोन ते अडीच वातावरणांइतका असतो. बर्फाच्या पृष्ठावर मुळातच द्रवासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो, अशी कल्पना मायकेल फॅराडे यांनी १८५० मध्ये मांडली होती व ती पुढील संशोधनाने मूलतः बरोबर ठरली. शिवाय घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, हे एफ्. पी. बौडन व टी. पी. ह्यूझ यांनी १९३९ मध्ये प्रयोगांनी दाखविले.

वाहनचालकाच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष काहीसा अनपेक्षित आहे. उणे २० अंश से. तापमानाचे कडक, कोरडे बर्फ तुलनेने कमी निसरडे असते. सर्वांत घातक असते ते शून्य अंशाच्या लगतचे, पृष्ठावर ओलावा आलेले बर्फ. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणाऱ्या रस्त्यावर त्याचा इतका पातळ व पारदर्शक थर बसतो की, त्यातून खालचे काळे डांबर दिसते व रस्ता केवळ ओला असल्याचा भास होतो. या थराला ‘काळे बर्फ’ म्हणतात. पुलांवर ते प्रथम धरते, कारण पुलाला खालूनही थंड हवा लागत असते. डोंगराच्या सावलीतील वळणे व बोगद्यांची तोंडे हीदेखील त्याची ठरलेली ठिकाणे होत.

रबराचे मिश्रण : तापमान उतरत जाते तसतसे रबर ताठ होत जाते आणि एका विशिष्ट तापमानाखाली ते काचेसारखे कठीण व ठिसूळ बनते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे तापमान सु. उणे ७० अंश से., तर पॉलिब्युटाडाइन या संश्लेषित रबराच्या बाबतीत त्याहूनही बरेच खाली असते. स्टायरीन-ब्युटाडाइन रबरात ते स्टायरिनाच्या प्रमाणानुसार वर सरकते. उन्हाळी टायरात उष्ण रस्त्यावरील पकड, ओल्या रस्त्यावरील ब्रेकांचा परिणाम व टिकाऊपणा यांसाठी वर सरकलेल्या तापमानाची मिश्रणे वापरतात. असे टायर हिवाळ्यात काच बनत नसले, तरी इतके ताठ होतात की रस्त्याच्या सूक्ष्म उंचसखलपणाशी ते जुळवून घेऊ शकत नाहीत. हिवाळी टायरात नैसर्गिक रबर व पॉलिब्युटाडाइन यांचे प्रमाण अधिक ठेवतात आणि भरणद्रव्य म्हणून काजळीच्या जोडीला सिलिका घालतात. सिलिकेमुळे थंडीतही मिश्रणाची लवचिकता टिकते.

तापमान ७ अंश से. च्या खाली गेले की हिवाळी टायर बसवावेत, असा संकेत यूरोपात रूढ आहे. ही निसर्गातील एखादी सीमारेषा नव्हे. निरनिराळ्या मिश्रणांसाठी हा बिंदू वेगवेगळा असतो. मात्र पहिली हिमवृष्टी होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हा संकेत पाळणे केव्हाही श्रेयस्कर, कारण पहिल्या हिमवृष्टीच्या दिवशीच सर्वांना टायर बदलण्याची आठवण होते व दुकानांपुढे रांगा लागतात. याउलट हिवाळी टायर उन्हाळ्यात वापरणेही योग्य नाही. त्याचे मऊ ठोकळे तापलेल्या रस्त्यावर डळमळतात, थांबण्याचे अंतर वाढते व रबर झपाट्याने झिजते.

खाचा व चिरा : रस्त्याला टेकणाऱ्या रबरी पट्ट्यावरील रुंद खाचांचे हिमावरील कार्य बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. चिखलात खाचा मोकळ्या राहाव्या लागतात. हिमात मात्र त्या भरलेल्या असणे काही अंशी उपकारकच ठरते, कारण हिमाची पकड रबरापेक्षा हिमाशीच अधिक असते. मुलांनी हिमाचा गोळा लोळवीत नेला की तो मोठा होत जातो, तो याच गुणामुळे. टायर फिरताना खाचेत हिम दाबले जाऊन त्याची घट्ट वडी तयार होते, ती खालच्या थरात रुतते आणि ती कापली जाण्यास होणारा विरोध गाडीला पुढे रेटतो किंवा थांबवितो. पुढच्या फेऱ्यात ही वडी खाचेतून सुटून पडली पाहिजे, म्हणून खाचांच्या भिंती तिरप्या ठेवतात.

बर्फात असे काही रुतत नाही. तेथे पकड मिळते ती दोन गोष्टींमुळे : पृष्ठावरील पाण्याचा पापुद्रा दूर सारणे आणि रबराच्या धारदार कडांनी बर्फ खरवडणे. ही दोन्ही कामे ठोकळ्यांवर पाडलेल्या नागमोडी चिरा करतात. जॉन एफ्. साइप यांना १९२३ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळाले व इंग्रजीत या चिरांना त्यांचेच नाव पडले. कत्तलखान्यात काम करताना निसरड्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्यांनी आपल्या बुटांच्या रबरी तळव्यांना चिरा दिल्या होत्या, असे सांगतात. चिरा वाढविल्या की कडा वाढतात, पण ठोकळा मऊ पडून वाकतो व कडा उचलल्या जातात. म्हणून आधुनिक टायरात चिरेच्या दोन्ही भिंतींना परस्परांत गुंतणारे उंचवटे ठेवतात. त्यामुळे भार आल्यावर त्या एकमेकींना टेकून ठोकळा सावरतात. काही जपानी कारखान्यांनी रबराच्या मिश्रणातच उपाय शोधला. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये बाजारात आणलेल्या ब्लिझॅक या टायराच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या ठेवल्या होत्या; टायर झिजत जाईल तशा त्या उघड्या पडून पाण्याचा पापुद्रा शोषून घेतात. टोयो या कंपनीने अक्रोडाच्या कवचाची भुकटी रबरात मिसळली.

विकास : मोटारी प्रचारात आल्या त्या सुरुवातीच्या काळात हिमातून वा चिखलातून जाण्यासाठी चाकांना दोर गुंडाळीत. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांनी चाकाला बांधावयाच्या साखळ्या तयार केल्या व १९०४ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. खास हिवाळ्यासाठी टायर घडविण्याचे श्रेय फिनलंडकडे जाते. तेथील सूओमेन गुमितेहदास (आताची नोकियान टायर्स) या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी केलिरेंगास हा टायर काढला. त्या काळी हिवाळ्यात तेथील रस्ते नियमितपणे साफ होत नसत आणि सपाट टायरांवर धावणाऱ्या मालमोटारी हिमात अडकून पडत. म्हणून या टायराला आडव्या खोल खाचा ठेवल्या होत्या. १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी हाक्कापेलीत्ता हा टायर निघाला. हे नाव तीस वर्षांच्या युद्धातील फिनिश घोडदळावरून घेतलेले आहे.

खिळ्यांचे टायर १९६० नंतर वेगाने पसरले. प्रत्येक खिळ्याच्या धातूच्या बैठकीत टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण द्रव्याची टाचणी असते व नव्या टायरात ती पृष्ठाच्या सु. एक मिमी. वर डोकावते. शून्य अंशाजवळच्या ओल्या, गुळगुळीत बर्फावर या टायरांची बरोबरी अन्य कोणताही टायर करू शकत नाही. परंतु रस्ता मोकळा असेल, तेव्हा हेच खिळे डांबर कोरून काढतात. रस्त्यांना चाकोऱ्या पडू लागल्याने कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांताने १९७१ मध्ये व पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली. (उत्तर ऑंटॅरिओत २००५ मध्ये ती उठविण्यात आली.) सर्वांत बोलका अनुभव जपानमधील सेंदाई शहराचा आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे हिवाळ्यात रस्त्यांची इतकी धूळ उडू लागली की नागरिकांच्या श्वसनाच्या तक्रारींनी तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला. त्यातून १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरांविरुद्ध राष्ट्रीय कायदा झाला. वर उल्लेखिलेले बर्फावर चालणारे बिनखिळ्यांचे जपानी टायर ही याच घडामोडींची निष्पत्ती होय. फिनलंड, स्वीडन व नॉर्वे या देशांत खिळ्यांना हिवाळ्यापुरती मुभा आहे, पण खिळ्यांचे वजन व संख्या यांवर मर्यादा घातल्या आहेत. स्टॉकहोममधील हॉर्न्सगाटन या रस्त्यावर १ जानेवारी २०१० पासून अशा टायरांच्या गाड्यांना प्रवेश नाही, तर ऑस्लो शहरात त्यांसाठी शुल्क भरावे लागते.

प्रकार व निवड : बाजारात मिळणारे टायर चार गटांत मोडतात. पहिला गट मध्य यूरोपीय किंवा आल्प्स पद्धतीच्या हिवाळी टायरांचा. तेथील हिवाळ्यात रस्ता बहुतेक दिवस ओला वा चिखलहिमाचा असतो व महामार्गांवरील वेग मोठा असतो. म्हणून हे टायर मध्यम मऊ असतात. दुसरा गट उत्तरेकडील बिनखिळ्यांच्या अतिमऊ टायरांचा. कित्येक आठवडे दाबलेले हिम व बर्फ जेथे हटत नाही अशा प्रदेशांसाठी ते योग्य, मात्र ओल्या डांबरावर ते पहिल्या गटाच्या मागे पडतात. तिसरा गट खिळ्यांच्या टायरांचा व चौथा तथाकथित सर्वऋतू टायरांचा.

या शेवटच्या नावाने पुष्कळांची फसगत होते. कॅनडात वा अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या भारतीयांना, अर्थातच मराठी कुटुंबांनाही, गाडीसोबत आलेला ‘सर्वऋतू’ टायर सर्व ऋतूंत चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर अमेरिकेत या शब्दाचा अर्थ प्रत्यक्षात सौम्य हिवाळ्यासह उरलेले तीन ऋतू एवढाच घ्यावा लागतो. अलीकडे हिमावरील कसोटीस उतरलेले सर्वऋतू टायरही निघाले आहेत. वर्षातून चारदोन दिवसच हिम पडणाऱ्या व ते लगेच साफ होणाऱ्या शहरात ते पुरेसे असतात. दीर्घ बर्फाच्या प्रदेशात ते खऱ्या हिवाळी टायरांची जागा घेऊ शकत नाहीत.

तेव्हा निवड करताना सर्वांत जास्त हिम किती पडते, हा प्रश्न पहिला नसून आपल्या नेहमीच्या वाटेवरील सर्वांत वाईट सकाळ कशी असते, हा प्रश्न पहिला होय. रात्रपाळीस वा पहाटे रस्ते साफ होण्यापूर्वी निघणाऱ्या परिचारिकेची गरज आणि दुपारी मिठाने वितळविलेल्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याची गरज एकाच शहरात राहूनही वेगळी असते. पहिलीने बर्फावरील पकडीला, तर दुसऱ्याने ओल्या डांबरावरील पकडीला प्राधान्य द्यावे. वारंवार वितळून गोठणाऱ्या, उतारांच्या ग्रामीण वाटांवर, कायद्याची आडकाठी नसेल तेथे, खिळे हाच सुरक्षित पर्याय होय.

खुणा : टायराच्या बाजूवरील ‘एम + एस’ ही चिखल व हिम दर्शविणारी जुनी खूण खाचांच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच देतो, तीसाठी पकडीची कसोटी घ्यावी लागत नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमस्फटिक ही खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि नंतर यूरोपातही मान्य झाली. ती मिळण्यासाठी टायराने हिमावरील कसोटीत प्रमाणभूत टायरापेक्षा ठराविक प्रमाणात सरस ठरावे लागते. परंतु ही कसोटी दाबलेल्या हिमावरची आहे, बर्फावरची नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यूरोपीय संघाच्या १ मे २०२१ पासून लागू झालेल्या गुणपत्रावर बर्फावरील पकडीचे निराळे चिन्ह आले, ते याच उणिवेमुळे. बाजूवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांवरून निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते, उदा., ‘३८२३’ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. रबर वयाबरोबर कठीण होत असल्याने, खाचा खोल दिसल्या तरी फार जुना हिवाळी टायर विकत घेऊ नये.

चारही चाके : एंजिनाची शक्ती ज्या दोन चाकांना मिळते, त्यांनाच हिवाळी टायर बसवून खर्च वाचविण्याची प्रवृत्ती आढळते. ती अत्यंत घातक आहे. पुढची चाके पकड घेतात, मागची घेत नाहीत. परिणामी वळणावर वा ब्रेक लावताच मागचा भाग पुढे येऊ पाहतो व गाडी स्वतःभोवती फिरते. चारही टायर एकाच प्रकारचे व जवळपास सारखे झिजलेले असावेत.

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीला हिवाळी टायरांची गरज नसते, हा दुसरा गैरसमज. अशी गाडी हिमातून सहज निघते आणि तेथेच चालकाची फसगत होते. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. थांबताना व वळताना या जास्तीच्या यंत्रणेचा लाभ नगण्य असतो आणि जड गाडी तेवढीच पकड असूनही अधिक जोराने आदळते. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा गाडीची दिशा हाती ठेवते, घर्षण मात्र वाढवीत नाही. उलट, सैल हिमात जाम झालेल्या चाकापुढे हिमाची पाचर साचून गाडी लवकर थांबते, तो फायदा या यंत्रणेमुळे मिळत नाही. म्हणून अशा हिमात तिचे थांबण्याचे अंतर काहीसे वाढू शकते.

माप, दाब व झीज : सैल हिमात अरुंद टायर हिम कापीत खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. त्यामुळे उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप निवडणे सामान्यतः हितकर ठरते. अतिमऊ टायरांची वेगमर्यादाही कमी असते. ‘क्यू’ हे अक्षर असलेला टायर ताशी १६० किमी. पर्यंतच वापरावयाचा असतो. २० अंश से. तापमानाला २.३ बार इतका भरलेला हवेचा दाब उणे १५ अंशांना सु. १.९ बारपर्यंत उतरतो. म्हणून थंडी पडताच दाब तपासणे आवश्यक असते. (उंच डोंगरावर याच्या उलट बाजूचा परिणामही घडतो : बाहेरील हवा विरळ होत गेल्याने मापकावर दिसणारा दाब वाढतो.) पकड वाढावी म्हणून दाब मुद्दाम कमी करण्याचा सल्ला ऐकू येतो, तो नेहमीच्या रस्त्यांवर पाळू नये.

खाचांची खोली १.६ मिमी. असली की बहुतेक देशांत टायर कायदेशीर ठरतो, पण हिमावर तो त्याआधीच निकामी झालेला असतो. ऑस्ट्रियात हिवाळी टायरास ४ मिमी., तर फिनलंड, स्वीडन व नॉर्वे येथे ३ मिमी. खोली सक्तीची आहे. नव्या खिळ्यांच्या टायरांवर पहिले सु. ५०० किमी. अंतर जोरदार वेगवाढ व कडक ब्रेक टाळून जावे, म्हणजे खिळे रबरात पक्के बसतात.

कायदे : कॅनडातील क्वीबेक प्रांतात हिवाळी टायरांची सक्ती २००८ साली प्रथम झाली, तेथे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ते बंधनकारक आहेत. जर्मनीत तारखेची अट नाही. रस्त्यावर हिम, चिखलहिम वा बर्फ असेल तेव्हा योग्य टायर असलेच पाहिजेत, असा २०१० पासूनचा नियम आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे डोंगर व हिमस्फटिकाची खूण असलेलेच टायर ग्राह्य धरतात. फिनलंडनेही २०२० मध्ये ठराविक महिन्यांची जुनी सक्ती सोडून १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हवामान वा रस्त्याची स्थिती यांनुसार वापर, असा बदल केला.

हिमालयीन मार्ग : भारतात हा प्रश्न जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल प्रदेश यांतील उंच मार्गांवर उद्भवतो. झोजी ला (सु. ३,५०० मी.) व रोहतांग (३,९७८ मी.) या खिंडींतील हिम हटविण्याचे काम सीमा सडक संघटना करते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किमी. लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यावर रोहतांगची खिंड टाळून लाहूलमध्ये हिवाळ्यातही जाणे शक्य झाले. परिणामी एरवी कधी हिम न पाहिलेले चालक, त्यांत महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन येणारेही, थेट हिमाच्छादित उतारावर पोहोचू लागले. त्यांच्या गाड्यांचे टायर ४० अंशांच्या वर तापणाऱ्या रस्त्यांसाठी घडविलेले असतात. हिमवृष्टीच्या वेळी या वाटेवर चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वा साखळ्या बसविलेल्या गाड्यांनाच पुढे सोडण्याचा प्रघात आहे. त्यांतील पहिल्या प्रकारची गाडी साध्या टायरांवर बोगद्यापर्यंत चढेल, परंतु सायंकाळी गोठलेल्या उतारावर तिची अवस्था इतर गाड्यांसारखीच होते.

चारसहा दिवसांच्या प्रवासासाठी टायरांचा संपूर्ण संच घेणे पुण्याच्या वा नागपूरच्या रहिवाशाला परवडणारे नाही व त्याची आवश्यकताही नाही. त्याने टायराच्या मापाच्या साखळ्या बरोबर ठेवाव्यात आणि त्या बसविण्याचा सराव सपाट, कोरड्या जागेवर आधीच करावा. अंधारात, वाऱ्यात व बधिर बोटांनी ते काम प्रथमच करणे जवळजवळ अशक्य असते. दोनच साखळ्या असतील तर त्या एंजिनाची शक्ती मिळणाऱ्या चाकांना बांधतात. मात्र पुढची चाके फिरविणाऱ्या गाडीत उतरताना मागचा भाग मोकळा राहतो, म्हणून चारही चाकांना साखळ्या बांधणे अधिक सुरक्षित. सु. ५० मी. अंतर जाऊन त्या पुन्हा ताणून घ्याव्या लागतात. साखळ्यांवर ताशी ५० किमी. पेक्षा अधिक वेग घेऊ नये आणि मोकळे डांबर लागताच त्या काढून ठेवाव्यात, नाही तर साखळी तुटून चाकाच्या कमानीला व ब्रेकांच्या नळ्यांना इजा होते. उतरताना खालचा गिअर टाकून एंजिनाच्या रोधाने वेग आवरावा, ब्रेक हळुवार लावावेत आणि सुकाणूचक्र झटक्याने फिरवू नये. दुपारनंतर सूर्य डोंगराआड गेला की वितळलेले पाणी भराभर गोठू लागते. म्हणून परतीचा उतार त्यापूर्वीच उतरून घेण्याची स्थानिक चालकांची रीत आहे.